वाड्याचा चौक १:५०: पातळ लाकूड हातानं नेमकं कापण्याची रीत

१:५० प्रमाणाच्या मॉडेलमध्ये अर्धा मिलिमीटर म्हणजे मूळ इमारतीतला जवळपास एक इंच. बारा खांबांपैकी एखादा तेवढाच तोकडा निघाला, तर त्यावरची तुळई (खांबांवरून जाणारं आडवं लाकूड) अधांतरी राहते. ती दाबून चिकटवली की शेजारचा खांब कलतो, आणि कडीपाट (कड्या आणि त्यांवरच्या फळ्यांचं छत) बसवायची वेळ येईपर्यंत अख्खा चौक तिरका झालेला असतो. दारं-खिडक्या करणारा सुतार अर्धा मिलिमीटर रंध्यानं किंवा फटीत पट्टी भरून सांभाळून घेतो. मॉडेलमध्ये सांभाळून घ्यायला जागाच नसते.

म्हणून हा लेख एका ठरावीक कामाभोवती बांधला आहे: जुन्या मराठी वाड्याचा आतला चौक. या एका मॉडेलमध्ये पातळ लाकडाचे जवळपास सगळे काप येतात. खांबांसाठी आडवा काप, कड्यांसाठी लांब उभ्या पट्ट्या, महिरपींसाठी (खांबांमधल्या नक्षीदार कमानी) वळणं, खिडक्यांसाठी आतला छेद आणि पाटांसाठी व्हिनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा. आकार डोळ्यांत बसावेत म्हणून पुण्याचा विश्रामबाग वाडा किंवा वाईजवळ मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा एकदा उभं राहून बघा. खांब तळखड्यावर (खालच्या बैठकीवर) कसा बसतो आणि तुळई हस्तावर (खांबाच्या माथ्याच्या टेकूवर) कशी टेकते, हे पाहिलं की कुठला काप दिसणार आणि कुठला झाकला जाणार हे कळतं. मेहनत दिसणाऱ्या कापावर खर्च करायची असते.

लेझर कटिंग आता शहरांत सहज करून मिळतं, आणि एकसारख्या शंभर खिडक्या हव्या असतील तर ते जरूर घ्यावं. पण लेझरची कड जळून काळी पडते. लाकडाचंच काम असलेली वास्तू दाखवताना मला स्वच्छ, फिकट, सुरीनं कापलेली कड जास्त खरी वाटते.

मापं आणि लाकूड

आपला चौक असा धरू. प्रत्येक बाजूला तीन खण, खांबाच्या मध्यापासून पुढच्या खांबाच्या मध्यापर्यंत दीड मीटर, म्हणजे मॉडेलमध्ये ३० मिमी. कोपऱ्यांचे खांब दोन बाजूंना सामाईक, त्यामुळे एकूण खांब १२ आणि महिरपीही १२. खांब २०० मिमी चौरस, म्हणजे ४ मिमी. उंची २.४ मीटर, म्हणजे ४८ मिमी. कड्या १०० मिमीच्या, म्हणजे २ मिमी. कड्यांवरचे पाट २५ मिमी जाड, म्हणजे ०.५ मिमी, आणि नेमकं याच जाडीच्या आसपास सागवानी व्हिनिअर मिळतं.

खांब आणि कड्यांना बासवुड घ्या. त्याचे तंतू बारीक आणि एकसारखे असतात, कड तुटत नाही. बाल्सा त्याहून कितीतरी हलका. तो दक्षिण अमेरिकेतला, मुख्यतः इक्वेडोरमधून येणारा; वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात तो ‘हार्डवुड’मध्ये मोडतो, पण नखानं दाबला तरी खड्डा पडतो. विमानांच्या मॉडेलला तो उत्तम. ४ मिमीच्या खांबाला मात्र तो नको, कारण चिमट्यानं धरला तरी कड चेपते. महिरपींना १.५ मिमी बर्च प्लाय, तळाला ३ मिमी प्लाय. सराव करायचा असेल तर आइस्क्रीमच्या काड्यांचं एक पाकीट आणा. त्यांचं लाकूड बऱ्यापैकी एकसारखं असतं आणि वाया गेलं तरी जीव हळहळत नाही.

शीट विकत घेताना एक डोळा मिटून तिच्या कडेवरून बघा. पीळ पडलेली किंवा कमान झालेली शीट स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका. मग तंतू बघा. ते लांब कडेला जितके समांतर, तितकी ती शीट पट्ट्यांसाठी चांगली.

हत्यारं

सुरी म्हणून दोन गोष्टी पुरतात. एक, ९ मिमी रुंदीचं तुटणारं पातं असलेला कटर, शक्यतो ३० अंशांच्या टोकाचा. दुसरी, मेडिकलच्या दुकानात किंवा सर्जिकल सामानाच्या दुकानात मिळणारी ३ नंबरची मूठ आणि तिच्यावर बसणारं ११ नंबरचं सर्जिकल पातं. या पात्याची धार कटरपेक्षा खूप बारीक असते, व्हिनिअरला आणि नाजूक कोपऱ्यांना तिच्याशिवाय पर्याय नाही. मात्र ते आडव्या जोरानं मोडतं, आणि मोडलेलं टोक उडतं. ११ नंबर हातात असताना डोळ्यांवर चष्मा हवाच, आणि पातं बसवताना-काढताना बोटांऐवजी छोटी पक्कड वापरा.

करवतींमध्ये रेझर सॉ (पातळ पात्याची, बारीक दातांची करवत) मिळाली तर घ्या, तिची चीर (कापताना भुसा होऊन जाणारी जागा) पाव ते तीन दशांश मिलिमीटरचीच असते. ती नसेल तर छोट्या हॅकसॉचं इंचाला ३२ दात असलेलं पातं चालतं, पण त्याची चीर जवळपास एक मिलिमीटर जाते हे आखणीत धरावं लागतं. वळणांसाठी सोनार वापरतात ती बारीक करवत, म्हणजे पिअर्सिंग सॉ. ती आणि तिची पाती सराफांना हत्यारं पुरवणाऱ्या दुकानांत मिळतात. मुंबईत झवेरी बाजाराच्या परिसरात, पुण्यात सोन्या मारुती चौकाच्या आजूबाजूला विचारा. तिथेच बारीक कानशींचा संचही घ्या. बाकीची हत्यारं पुण्यात बोहरी आळीत, मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर सापडतील.

पातं निवडताना एवढंच बघा की लाकडाच्या जाडीत एका वेळी किमान दोन-तीन दात असावेत. इंचाला २४ दातांच्या पात्यावर दोन दातांमधलं अंतर सुमारे एक मिलिमीटर असतं. ३ मिमी प्लायला ते जेमतेम पुरतं, १.५ मिमीला मात्र पुरत नाही, दात कडेत अडकतो आणि टवका उडतो.

याशिवाय ३० सेंमीची आणि १५ सेंमीची स्टीलची पट्टी, एक छोटा गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार), ०.५ मिमीची लीड पेन्सिल, कटिंग मॅट, मास्किंग टेप, १८० ते ४०० नंबरचा पॉलिश पेपर आणि ॲल्युमिनियमच्या एल-अँगलचा वीतभर तुकडा. हा अँगल फार कामाचा आहे. सपाट पट्टीवर बोट ठेवून कापताना सुरी चढून बोटावर येऊ शकते. अँगलची उभी बाजू सुरी आणि बोटांच्या मध्ये भिंतीसारखी उभी राहते. पट्टीच्या आणि अँगलच्या पाठीला बारीक पॉलिश पेपरची चिंचोळी पट्टी चिकटवली की ते लाकडावरून घसरत नाहीत. कटिंग मॅट उन्हात किंवा गाडीत ठेवू नका, एकदा वाकली की पुन्हा सपाट होणं अवघड.

मोजा एकदाच

पट्टीवर बघून प्रत्येक तुकडा वेगळा मोजायचा आणि वेगळा कापायचा, ही चुका जमा करण्याची सगळ्यात खात्रीची पद्धत आहे. खूण करताना पाव मिलिमीटर इकडे, कापताना पाव मिलिमीटर तिकडे, आणि बारा खांब बारा उंचीचे. मॉडेलमध्ये खांब ४८ मिमी असण्यापेक्षा बाराही खांब एकसारखे असणं महत्त्वाचं. सगळे ४७.७ निघाले तर कुणाच्याही लक्षात येणार नाही. म्हणून पहिला तुकडा मोजून करा आणि पुढचे त्याची नक्कल म्हणून कापा. या लेखातले सगळे फर्मे (माप पक्कं धरून ठेवणारे साचे) आणि ठोकळे त्यासाठीच आहेत.

जिथे मोजावंच लागतं, तिथे एकाच टोकापासून मोजा. तळाच्या प्लायवर खांबांच्या जागा आखताना ३० मिमी मोजून खूण, त्या खुणेपासून पुन्हा ३० असं करू नका. पट्टी एकदाच ठेवा आणि न हलवता ०, ३०, ६०, ९० वर खुणा करा. पट्टीचं शून्याचं टोक वापरून झिजलेलं असतं, म्हणून सुरुवात १० पासून करा: १०, ४०, ७०, १००. डोळा खुणेच्या थेट वर आणा. तिरकं पाहिलं की पट्टीच्या जाडीमुळे खूण सरकते. दिवा उजव्या हाताच्या माणसाला डावीकडे हवा, नाहीतर हाताची सावली नेमकी रेषेवर पडते.

पेन्सिलची रेषा स्वतःच अर्धा मिलिमीटर जाड असते. ती कुठे कापायचं हे सांगते, नेमकं माप सांगत नाही. नेमकी खूण सुरीच्या टोकानं करा: ठिपक्याएवढी टोच, मग तिथे पातं टेकवून गुण्या पात्याला भिडेपर्यंत सरकवा आणि हलकी चीर मारा. गुण्या खुणेला लावण्याऐवजी खुणेत ठेवलेल्या पात्याला लावायचा, एवढ्या एका सवयीनं आखणी कमालीची सुधारते.

सुरीचा काप

पातं म्हणजे पाचर. ते तंतूंना कापतं आणि बाजूलाही सारतं, आणि संधी मिळाली की तंतूंच्या मधूनच वाट काढतं. कापाची रेषा आणि तंतू यांच्यात थोडा जरी कोन असेल, तरी जोर लावला की सुरी तंतूच्या मागे जाते. हाताचा कंप फार कमी वेळा दोषी असतो, बहुतेक वाकडे काप इथेच जन्मतात. उपाय म्हणजे पहिला हात, म्हणजे रेषेवरून सुरीची पहिली फेरी, अत्यंत हलका. सुरीचं वजन आणि त्यावर तर्जनीचा नुसता स्पर्श. या पहिल्या हातानं लाकूड कापायचं नसतं, पुढच्या हातांना वाट करून द्यायची असते. दुसरा हात किंचित जड, तिसरा त्याहून थोडा. चीर अर्ध्या जाडीपर्यंत उतरली की पातं बाहेर जाऊच शकत नाही. १.५ मिमी बाल्साला तीन-चार हात पुरतात, २ मिमी बासवुडला सहा-आठ, १.५ मिमी बर्च प्लायला दहा-बारा. प्लायच्या मधल्या थराचे तंतू आडवे असतात, तिथे पोचलं की सुरीचा आवाज बदलतो आणि हाताला खरखर लागते; त्या क्षणी जोर वाढवायचा मोह आवरा.

पट्टी नेहमी ठेवायच्या भागावर, म्हणजे सुरी घसरलीच तर टाकाऊ भागात जाते. कापायची दिशाही बघून ठरवा. तंतू किंचित तिरपे असतील तर शीट फिरवून असं कापा की तंतू पात्याला पट्टीकडे ढकलतील. पट्टी त्याला अडवते आणि काप सरळ येतो. उलट दिशेनं कापलं तर पातं पट्टी सोडून पळतं. पट्टीशिवाय मोकळ्या हातानं वळण कापताना मात्र दिशा उलटी: तिथे अडवायला काहीच नाही, म्हणून तंतू टाकाऊ भागाकडे नेणारे हवेत.

आडव्या तंतूचा काप वेगळा. इथे सुरी वाट चुकत नाही, पण शेवटच्या कडेला पोचताना तिथल्या तंतूंना मागून आधार नसतो आणि ढलपी निघते. म्हणून काप सुरू करण्याआधी पलीकडच्या कडेला दोन-तीन मिलिमीटरची चीर देऊन ठेवा, मग अलीकडून सुरुवात करा. व्हिनिअरला आणि मऊ बाल्साला रेषेवर मास्किंग टेप लावून टेपसकट कापा. टेप काढताना सपाट, सावकाश ओढा. बाल्सा फारच मऊ असेल तर रेषेवर पातळ सुपरग्लूची एक बारीक धार सोडा. तंतू ते शोषून कडक होतात, आणि वाळल्यावर कड काचेसारखी तुकतुकीत निघते.

पातं उभं आहे का, हे वरून दिसत नाही. कापलेला तुकडा उभा करून गुण्याला लावा आणि उजेडाकडे धरून बघा. उजव्या हातानं कापणाऱ्यांचं पातं बहुधा एकाच बाजूला कलतं. आपलं कुठे कलतं हे एकदा कळलं की मनगट आपोआप दुरुस्ती करू लागतं.

आणि धार. प्लायमधला गोंद पात्याला लवकर बोथट करतो. जोर जास्त लागतोय असं वाटलं की पातं बदला. जोर लावूनच सुरी घसरते, बोट कापतं आणि काप बिघडतो. पात्याची किंमत बासवुडच्या शीटच्या मानानं काहीच नाही.

कड्यांसाठी पट्ट्या

कडीपाटाला २ मिमीच्या कितीतरी कड्या लागतात. २ मिमी बासवुडच्या शीटमधून त्या एकसारख्या काढायला असा फर्मा करा. १२ मिमी प्लायच्या फळीवर, साधारण ३०० बाय १५० मिमीच्या, एल-अँगल किंवा सरळ लाकडी पट्टी पक्की चिकटवा. ही झाली भिंत. तिच्यासमोर स्टीलची पट्टी समांतर यायला हवी, दोघींमध्ये नेमकं २ मिमी अंतर ठेवून. अंतर मोजत बसू नका: ड्रिलचे २ मिमीचे दोन बिट घ्या, दोन टोकांना भिंत आणि पट्टी यांच्या मध्ये ठेवा आणि पट्टी त्यांना भिडवा. पट्टीच्या दोन्ही टोकांखाली त्याच २ मिमी शीटचे तुकडे टेकू म्हणून ठेवा, म्हणजे मधून शीट सरकायला जागा राहील. मग पट्टी टोकांना क्लॅम्पनं किंवा स्क्रूनं आवळा आणि बिट काढून घ्या.

आता शीट पट्टीखालून सरकवून भिंतीला भिडवायची. पट्टीच्या कडेनं हलके हात मारत कापायचं. सुटलेली कडी चिमट्यानं उचलायची, शीट पुन्हा भिंतीपर्यंत ढकलायची आणि पुढचा काप. प्रत्येक कडी २ मिमीचीच येते, कारण माप फर्म्यात आहे, हाताच्या मर्जीवर नाही. एक काळजी घ्या: शीट ढकलण्याआधी भिंतीला लागलेला भुसा ब्रशनं झाडा. भुशाचा एक कण अडकला तर ती कडी एका टोकाला जाड निघते. आणि पहिल्या कापाआधी शीटची कड पट्टी लावून सरळ कापून घ्या, कारखान्याची कड सरळ असेलच असं नाही.

सागवान किंवा शिसमासारख्या कठीण लाकडाला ही रीत लावू नका. तिथे सुरी हरते, रेझर सॉच हवी.

खांब: करवत आणि ठोकळा

खांबाला ४ मिमी चौरस पट्टी लागते. ती तयार मिळाली तर घ्या. आता तिचे ४८ मिमीचे बारा एकसारखे तुकडे काटकोनात पाडायचे. यासाठी छोटा माइटर बॉक्स (करवतीला ठरलेल्या कोनात धरणारी खाचांची पेटी) हातानंच बनवता येतो. तळाला प्लायची पट्टी, तिच्यावर दोन समांतर भिंती, मधलं अंतर ४ मिमीच्या पट्टीला सैल नाही आणि घट्टही नाही असं. अंतरासाठी तीच खांबाची पट्टी मधे ठेवून भिंती चिकटवा, फक्त पट्टीला आधी कागदाचा एक वेढा द्या, म्हणजे ती नंतर सहज सरकेल. फेविकॉल रात्रभर वाळू द्या. मग गुण्यानं दोन्ही भिंतींवर काटकोनात रेषा आखा आणि ज्या करवतीनं खांब कापणार आहात त्याच करवतीनं खाच पाडा. दुसऱ्या करवतीची खाच रुंद झाली तर पातं तिच्यात डोलतं आणि सगळी मेहनत फुकट.

आता पहिला खांब. ४८ मिमी मोजा, पण थोडा जास्त कापा. त्याचं टोक पॉलिश पेपरवर घासून नेमका करा, तुळईच्या उंचीशी जुळवून बघा. समाधान झालं की हा नमुना. तो माइटर बॉक्समध्ये ठेवा, त्याचं एक टोक खाचेच्या कडेशी नेमकं आणा आणि दुसऱ्या टोकाला एक ठोकळा चिकटवा. यापुढे पट्टी ठोकळ्याला भिडवायची आणि कापायचं. मोजमाप संपलं. करवतीची चीर किती जाते याचाही हिशेब लागत नाही, कारण ती नेहमी ठोकळ्याच्या पलीकडच्या, उरलेल्या पट्टीतून जाते. खुणा ओळीनं मारून कापणाऱ्यांना हाच हिशेब नडतो: करवत नेमकी खुणेच्या रेषेवरून चालवली तर प्रत्येक तुकडा चिरेएवढा तोकडा निघतो.

करवत हलकी धरा. पहिले दोन-तीन हात उलट्या दिशेनं, म्हणजे दात चावणार नाहीत अशा बाजूनं ओढा, चीर बसते. नंतर लांब आणि सावकाश. शेवटच्या अर्ध्या मिलिमीटरला भार जवळजवळ काढून घ्या, आणि खांबाखाली टाकाऊ लाकडाची पातळ पट्टी ठेवा, म्हणजे खालची ढलपी निघत नाही.

बाराही खांब कापून झाले की त्यांना टेबलावर उभं करून शेजारी शेजारी लावा आणि वर स्टीलची पट्टी ठेवा. कुठे फट दिसते का बघा. उंच असलेल्या खांबाला २४० नंबरच्या पॉलिश पेपरवर, गुण्याला टेकवून, उभं घासा. एकदा घासलं की पुन्हा तपासा. घासताना खांब मोकळ्या हातात धरला तर टोक गोल होतं. गुण्याचा आधार सोडू नका.

महिरपी

महिरप ही या मॉडेलची शोभा, आणि सगळ्यात जास्त वेळ तिलाच द्या. खण ३० मिमीचा, त्यातून ४ मिमीचा खांब वजा केला की दोन खांबांमधली मोकळी जागा २६ मिमी. कागदावर फक्त अर्धी महिरप काढा, कागद मधोमध घडी घालून दोन्ही थर एकत्र कापा. दोन्ही बाजू हुबेहूब निघतात. ज्याला अगदी हात बसला आहे तोही दोन्ही अर्धी वेगवेगळी काढून इतकी सारखी काढू शकत नाही.

बारा महिरपी बारा वेळा कापू नका. १.५ मिमी प्लायचे चार तुकडे एकावर एक ठेवा, टाकाऊ भागात दुहेरी टेप लावून जोडा. ६ मिमीचा ठोकळा झाला, त्याचे तीन गठ्ठे. गठ्ठ्याचा फायदा वेळेपलीकडचा आहे: मधल्या तुकड्यांना दोन्ही बाजूंनी आधार मिळतो, त्यामुळे त्यांच्या कडा साफ येतात. तळाच्या तुकड्याला पाठीमागे मास्किंग टेप लावा. कागदाचा नमुना सर्वांत वर गोंदाच्या कांडीनं चिकटवा.

सोनाराच्या करवतीचं पातं बसवताना दात खाली, मुठीकडे हवेत. बोट वरून खाली फिरवलं तर गुळगुळीत लागतं, खालून वर फिरवलं तर अडतं, अशी खात्री करा. आधी वरचं टोक आवळा, मग चौकट टेबलाच्या कडेला टेकवून छातीनं थोडी दाबा आणि तशीच दाबलेली असताना खालचं टोक आवळा. सोडलं की पातं ताणलं जातं. नखानं छेडलं तर ‘टण्’ वाजायला हवं. भद्द आवाज आला तर पुन्हा बसवा. सैल पातं वळणावर वाकतं आणि काप वरून बरोबर, खालून तिरपा येतो.

टेबलाच्या कडेला एक फळी क्लॅम्प करा, तिला पुढे ‘व्ही’ आकाराची खाच पाडलेली असावी. काम या खाचेच्या दोन्ही बाजूंवर टेकवा, करवत खाचेत. करवत सरळ वर-खाली, जागच्या जागी. फिरवायचं ते लाकूड. काप रेषेच्या अगदी बाहेरून, टाकाऊ बाजूला केसाएवढी जागा सोडून. रेषा शेवटपर्यंत दिसत राहिली पाहिजे, ती कानशीनं मिटवायची असते. महिरपीच्या पाकळ्या जिथे टोकाला मिळतात तिथे करवत वळवायचा प्रयत्न करू नका. एका बाजूनं टोकापर्यंत या, मागे या, दुसऱ्या बाजूनं पुन्हा त्याच टोकापर्यंत जा. जिथे वळावंच लागतं, तिथे पुढे ढकलणं थांबवून करवत जागेवर वर-खाली चालू ठेवा आणि लाकूड हळू फिरवा. पात्याला मधूनमधून मेणबत्ती घासली की ते गरम होत नाही आणि अडकत नाही.

पातं थोडं एका बाजूला ओढतंय असं जाणवेल. बहुतेक पात्यांची एक बाजू किंचित जास्त कापते. सरळ रेषेवर दोन सेंटिमीटर कापून ते कुठे ओढतं हे आधीच बघा आणि लाकूड तेवढं तिरपं धरा.

मग कानस. अर्धगोल कानशीनं पाकळ्या, त्रिकोणी कानशीनं टोकं. कानस ढकलताना कापते, ओढताना उचलून घ्या. गठ्ठा न सोडता सगळं घासून घ्या, म्हणजे चारही महिरपी एकत्रच नेमक्या होतात. त्यानंतरच टेप सोडवा, पातळ सुरी हळूच सरकवून.

आतला छेद

खिडकीसाठी प्लायच्या मध्यभागी छेद हवा असेल, तर टाकाऊ भागात पिन व्हाइसनं (बोटांनी फिरवायच्या छोट्या ड्रिलनं) एक मिलिमीटरचं भोक पाडा, पात्याचं एक टोक सोडून त्यातून ओवा आणि पुन्हा आवळा. चौकोनी खिडकीला भोकं चारही कोपऱ्यांजवळ पाडली तर वळायची कसरत वाचते. कोपरे शेवटी ११ नंबरच्या पात्यानं दोन्ही बाजूंनी उभं दाबून साफ करा. पातळ प्लायला करवतीऐवजी सुरी वापरत असाल, तर चारही बाजू थोड्या थोड्या एकत्र खोल करत जा. एक बाजू आधी पूर्ण कापली तर मधला तुकडा झोल खातो आणि उरलेल्या कोपऱ्यांत ढलपी निघते. प्रत्येक काप कोपऱ्यापासून मध्याकडे करा, कधीही मध्यापासून कोपऱ्याकडे नको, कारण सुरी कोपरा ओलांडून गेली की ती चीर लपवता येत नाही.

पाट आणि पावसाळा

व्हिनिअरचे पाट कापताना तंतू लांबीच्या दिशेत ठेवा, खऱ्या फळीत तसेच असतात. व्हिनिअर उभ्या तंतूला चिरतं, म्हणून आधी आडवे काप, मग उभे. उभ्या कापाला टेप हवीच.

लाकूड हवेतली ओल घेतं आणि तंतूंच्या आडव्या दिशेत फुगतं. लांबीत त्याचा फरक जवळपास पडत नाही. कोकणात किंवा पावसाळ्यातल्या मुंबईत हे डोळ्यांना दिसतं. शीट प्लास्टिकमध्ये गुंडाळून, सपाट फळीवर, वर वजन ठेवून ठेवा. उभी टेकवून ठेवली तर कमान होते. एकसारखे भाग शक्यतो एकाच बैठकीत कापा. आज कापलेल्या आणि पावसाळा संपल्यावर कापलेल्या पाटांत फट पडू शकते.

चिकटवण्याआधी सगळा चौक गोंदाशिवाय एकदा उभा करा. प्रत्येक खांबाच्या तळाला, जो भाग तळखड्यावर टेकून झाकला जाईल तिथे, पेन्सिलनं नंबर टाका आणि तोच नंबर प्लायवरच्या जागेवर. एखादी महिरप घट्ट बसत असेल तर ती दाबू नका, खांब कलतो. कडेला ३२० नंबरचा पेपर दोन हात फिरवा आणि पुन्हा बसवून बघा.

फर्मे आणि ठोकळा लावलेला माइटर बॉक्स टाकून देऊ नका, त्यावर प्रमाण आणि माप लिहून ठेवा. पुढचा चौक किंवा त्याच वाड्याचा वरचा मजला करताना तेच माप लागेल. घासताना उडणारी बारीक धूळ छातीत जाते, विशेषतः एमडीएफ वापरला असेल तर, म्हणून मास्क लावून घासा आणि टेबल फुंकर मारून नाही, ओल्या फडक्यानं पुसा. बोथट झालेली पाती झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात साठवा. डबा भरला की झाकण चिकटपट्टीनं पक्कं बंद करून वर मोठ्या अक्षरांत ‘धारदार पाती’ असं लिहा आणि मगच घंटागाडीत द्या, कारण तो कचरा पुढे कुणीतरी हातानं वेगळा करतं.